पंप बदलण्याआधी टाकीपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही समजूत चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. पिकअप कॉमन रेल डिझेल (एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, मोठ्या दाबाचं डिझेल इंजिनाला देणारी), बीएस-४, दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. रत्नागिरीत मिरकरवाड्याला मासळीचे खोके आणि बर्फ भरून तुम्ही रात्री कोल्हापूरला येता. साखरप्यापर्यंत गाडी व्यवस्थित चालते. आंबा घाटाला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अचानक ओढ तुटते, चेक लाइट लागतो, आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी उठत नाही. बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की थोडा वेळ ठीक, मग पुन्हा तेच. गाडी सात-आठ तास उभी राहिली की सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, पण कोल्हापुरात माल उतरवल्यावर गरम इंजिन एका झटक्यात चालू होतं. स्कॅनरला कोड आला पी-००८७. फिल्टर बदलून झाला, फरक नाही. एक मिस्त्री म्हणतो हाय प्रेशर पंप (रेलमध्ये दाब तयार करणारा) गेला, दुसरा म्हणतो चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) नवे टाका. तुम्ही विचारताय, ऐकू कोणाचं?

आत्ता दोघांचंही ऐकू नका. पंप खरंच गेलेला असू शकतो, इंजेक्टरही गेलेले असू शकतात. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून माझा पहिला संशय टाकी ते पंप या टप्प्यावर आहे, आणि तो तपासायला लागणारं सामान पंपाच्या किमतीपुढे काहीच नाही. मी कोल्हापुरात पंप-इंजेक्टरचंच काम करतो. पंप बदलला की आमचा धंदा होतो. तरीही सांगतो, याच कोडवर खोलून आणलेले बरेच पंप टेस्ट बेंचवर लावले की बरोबर निघतात, आणि मग गिऱ्हाइकाला सांगावं लागतं की तुमचा बिघाड गाडीतच राहिलाय.

पी-००८७ या कोडचा अर्थ एवढाच की ईसीएमने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, रेलमध्ये जेवढं प्रेशर मागितलं तेवढं तिला मिळालं नाही. का मिळालं नाही, हे कोड सांगत नाही. कारण चारपैकी एक असतं. पंपापर्यंत पुरेसं डिझेल येत नाही. येतं, पण पंप दाब तयार करत नाही. दाब तयार होतो, पण इंजेक्टरच्या रिटर्नमधून (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपातून) किंवा रेलच्या व्हॉल्व्हमधून निसटतो. किंवा सगळं बरोबर आहे आणि सेन्सर किंवा त्याची वायर चुकीचा आकडा दाखवतेय. तुमच्या दोन मिस्त्रींनी यातलं एकेक कारण उचललंय, पण कशावरून उचललं हे तुमच्या प्रश्नात कुठे दिसत नाही.

आता घाटातच का, ते बघू. आयडलिंगला अशा गाडीच्या रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार प्रेशर असतं (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा). भरलेली गाडी घाटात जोर लावते तेव्हा ईसीएम १३०० ते १६०० बार मागते. आकडे गाडीगणिक थोडे बदलतात, पण फरक एवढ्या पटीचा असतो. शिवाय नुसतं प्रेशर वाढत नाही, मिनिटाला जाळायचं डिझेलही कित्येक पटींनी वाढतं. पाइप अर्धा तुंबला असेल तर पाली-साखरप्याच्या रस्त्यावर लागणारं डिझेल त्यातून आरामात जातं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. चढावर मागणी वाढली की तिथेच कमी पडतं. मग ईसीएम इंजिन वाचवायला ताकद कापते, त्याला आपण लिंप मोड म्हणतो. किल्ली बंद केली की बऱ्याच गाड्यांत लिंप मोड सुटतो, आणि तेवढ्या वेळात मागणीही शून्यावर आलेली असते. म्हणून पुन्हा चालू केल्यावर गाडी सुधारल्यासारखी वाटते. बिघाड जागच्या जागीच असतो.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ दुसरीच आहे: उभी राहिली की चालू होत नाही, गरम असली की लगेच होते. इंजेक्टर किंवा पंपाची आतली झीज झालेली असेल तर अनुभव बहुतेक याच्या उलट येतो. डिझेल गरम झालं की पातळ होतं, झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं, आणि गरम इंजिन सेल्फला दाद देत नाही. चहाला थांबून परत निघताना त्रास देणारी गाडी माझ्याकडे आली की मी आधी इंजेक्टरकडे बघतो. तुमच्या गाडीला त्रास आहे तो बराच वेळ उभी राहिल्यावर. बहुतेक गाड्यांत रेलमध्ये १५० ते २०० बार जमल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही, आणि पंपाच्या आधीच्या पाइपात डिझेलऐवजी हवा असेल तर तेवढं जमायला वेळ लागतो. हीटर प्लगचा (थंडीत इंजिन चालू व्हायला आतली हवा तापवणाऱ्या प्लगचा) संशय कोणी घातला तर कोकणातल्या हवेत तो तळाला ठेवा. रत्नागिरीत एवढी थंडी पडत नाही.

पाइपात हवा शिरते पण खाली डिझेलचा थेंब दिसत नाही, यावर खूप जण विश्वास ठेवत नाहीत. पंप टाकीतून डिझेल ओढतो तेव्हा त्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. बारीक भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी उभी केली की त्याच भोकातून हवा शिरून पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. म्हणून "कुठे गळत नाही, म्हणजे लाइन चांगली" हा निष्कर्ष सक्शनच्या बाजूला लागू पडत नाही.

याची एक फुकटची तपासणी तुम्ही आजच करू शकता, तुमच्या गाडीला फिल्टरजवळ हँड प्रायमर (हाताने दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा छोटा पंप) असेल तर. गाडी रात्रभर किंवा दिवसभर उभी राहू द्या. सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडून प्रायमर दाबा. पहिल्या दोन-तीन दाबांत घट्ट झाला तर लाइन भरलेली आहे. बराच वेळ पोकळ लागला, हळूहळू घट्ट झाला आणि मग पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली, तर लाइन रिकामी होतेय हे जवळजवळ सिद्ध झालं. प्रायमरचा स्वतःचा व्हॉल्व्ह खराब असला तरी असं होऊ शकतं, म्हणून "जवळजवळ" म्हणतो.

पुढे काही सांगण्याआधी एक गोष्ट, आणि ती तुमच्या मिस्त्रीलाही वाचून दाखवा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपाचा नट सैल करून एअर काढायची किंवा मिसिंग शोधायची पद्धत होती. कॉमन रेलला ती करायची नाही, कधीच नाही. हजार बारच्या वरची डिझेलची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, फार दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरून बोट किंवा हात कापायची वेळ येते. असं झालं तर मलमपट्टी करून घरी बसायचं नाही, लगेच मोठ्या रुग्णालयात जाऊन "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. गळती हाताने चाचपायची नाही. लांबून पुठ्ठा धरा. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून, स्कॅनरवर रेल प्रेशर उतरलेलं बघून मगच हाय प्रेशरच्या बाजूला पाना लावा.

आता टाकीपासून. टाकीचं झाकण उघडताना फुस्स करून हवा आत ओढली जाते का, ते घाटात गाडी बसल्यावर लगेच बघा. तसं झालं तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद झालीय. झाकण हरवलं म्हणून कोणी चिंधी किंवा प्लास्टिक कोंबलं असेल तर ते आधी काढा. चिंधीचे धागे टाकीत पडतात आणि सक्शन पाइपाच्या तोंडाच्या जाळीवर जाऊन बसतात, मी ते बोळे बाहेर काढलेत. गाडी उभी राहिली की हा कचरा जाळीवरून सुटून तळाला बसतो आणि ओढ वाढली की पुन्हा चिकटतो. थांबलं की बरी, चढावर वाईट, हे लक्षण यातूनही येतं.

आणखी एक आठवून बघा. टाकी अर्ध्याच्या खाली असताना त्रास जास्त होतो का? टाकी भरलेली असताना घाट बिनतक्रार पार होतो का? तसं असेल तर टाकीच्या आत उभ्या असलेल्या सक्शन पाइपाला वरच्या बाजूला चीर असू शकते. डिझेल चिरेच्या वर आहे तोवर काही कळत नाही, पातळी खाली गेली की पाइप डिझेलबरोबर हवा ओढतो.

तुमच्या गाडीबद्दल मला जास्त काळजी वाटते ती चेसिसवरून जाणाऱ्या लोखंडी पाइपाची. मासळीच्या गाड्यांचं दुखणं वेगळं असतं. बर्फ वितळून खारट पाणी हौद्याच्या फटींतून रात्रभर चेसिसवर टपकत असतं, वरून समुद्राची हवा. पाइप जिथे क्लिपने चेसिसला धरलेला असतो, तिथे क्लिप आणि पाइप यांच्यामध्ये ते पाणी आणि चिखल अडकून राहतो. बाहेरून पाइप काळा, धड दिसतो. क्लिप काढून पोलिश पेपर फिरवला की रंगाचा पापुद्रा निघतो आणि खाली तांबूस, खवले आलेलं लोखंड दिसतं. त्यातल्या एखाद्या खवल्याखाली सुईच्या टोकाएवढं भोक असतं. तुमच्या मिस्त्रीला गाडी रॅम्पवर घेऊन प्रत्येक क्लिप काढून बघायला सांगा. टाकीच्या वरच्या तोंडाचे जॉइंटही बघा, कारण ते हौद्याच्या बरोबर खाली येतात. रबरी पाइपांचं टोक कडक झालं असेल तर क्लिप आवळून उपयोग नाही, पाइप कापून किंवा बदलूनच घ्या. पाण्याचा किंवा हवेचा साधा पाइप तात्पुरता म्हणूनसुद्धा लावू नका. डिझेलने तो फुगतो आणि आतून सोलतो, आणि ते तुकडे पुढे जातात.

नजरेने काही सापडलं नाही तर दोन साधनं लावायची. पहिलं, फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक पाइप. गाडी चालू करून दोन-अडीच हजार आरपीएमवर धरा आणि पाइपाच्या मागे टॉर्च लावा. चालू केल्याबरोबर चार-दोन बुडबुडे गेले तर सोडून द्या. मिनिटभरानेही बारीक बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर हवा शिरतेय. कुठून, हे शोधायला तोच पाइप फिल्टरच्या आधी लावा. तिथेही माळ दिसली तर दोष टाकीच्या बाजूला, तिथे स्वच्छ असेल तर फिल्टरच्या डोक्यात, प्रायमरमध्ये किंवा पाणी काढायच्या स्क्रूच्या रबरात. एकेक पायरी मागे सरकत गेलं की जागा सापडतेच. इथे फिल्टरबद्दल एक सांगतो. "फिल्टर बदलला" एवढ्याने फिल्टर सुटत नाही. सील नीट बसलं नाही, जुनं रबर वर चिकटून राहिलं, किंवा स्वस्तातला डुप्लिकेट फिल्टर बसवला, की नव्या फिल्टरनेच नवा त्रास सुरू होतो. खरेदीचं बिल आणि खोका बघून घ्या.

दुसरं साधन व्हॅक्यूम गेज, त्याच जागी, टी लावून. ज्या गाडीत हाय प्रेशर पंपाच्या पाठीलाच गिअर पंप असतो आणि तोच टाकीतून डिझेल ओढतो, तिला हे लागू. चांगल्या लाइनवर माझ्याकडे सहसा पाऱ्याचे तीन ते पाच इंच दिसतात. रेस दिल्यावर आठ-दहाच्या वर जायला लागलं तर मागे कुठेतरी तुंबलंय: जाळी, चेपलेला पाइप किंवा फिल्टर. नेमकी मर्यादा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. पण काटा खाली आहे म्हणून खूश होऊ नका. हवा शिरत असेल तर काटा वर चढतच नाही, कारण पंपाला ओढायला सोपी हवा मिळते. म्हणून गेज आणि पारदर्शक पाइप दोन्ही एकत्र बघायचे. काटा वर आणि पाइप स्वच्छ असेल तर तुंबलेलं. काटा खाली आणि बुडबुडे असतील तर भोक. काटा खाली, पाइपही स्वच्छ, तर गेजच्या मागचा रबरी भाग क्षणभर चिमटीत दाबा. काटा झटकन वर गेला पाहिजे. नाही गेला तर गिअर पंपच ओढत नाही.

तुमच्या मॉडेलला टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर हिशेब बदलतो. तिथे लाइनमध्ये व्हॅक्यूमऐवजी दाब असतो, गेज दाबाचा लागतो, आणि भोक असेल तर डिझेल बाहेरच येतं. किल्ली फिरवल्यावर मागून दोन-चार सेकंद गुणगुण ऐकू येते का, एवढ्यावरून तुम्हाला पहिला अंदाज येईल. आवाज आला म्हणजे पंप चांगला असं नव्हे. आवाज अजिबात नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि टाकीवरचा कपलर (वायरींचा जोड) बघा. खाऱ्या पाण्यात कपलरच्या पिना हिरव्या पडतात.

एवढं करूनही संशय राहिला तर माझ्याकडचा शेवटचा उपाय म्हणजे वेगळी टाकी. झाकणाचा स्वच्छ डबा, त्यात चांगलं डिझेल, तिथून नवा पाइप थेट फिल्टरला, आणि रिटर्नही त्याच डब्यात. जाळलेल्या डिझेलपेक्षा परत येणारं डिझेल बरंच जास्त असतं, ते जुन्या टाकीत गेलं तर डबा बघता बघता रिकामा होतो. डबा हौद्यात पुढच्या बाजूला पक्का बांधा, सायलेन्सरपासून आणि बॅटरीपासून लांब, केबिनमध्ये अजिबात नको. मिस्त्रीला बरोबर घेऊन भरलेल्या गाडीने एक चढ चढून बघा. ओढ तुटली नाही तर टाकी आणि लाइन दोषी, पंप-इंजेक्टर सुटले. तशीच तुटली तर पुढच्या बाजूला जायला मोकळे झालात. एवढ्या स्पष्ट उत्तराची दुसरी तपासणी माझ्या माहितीत नाही.

त्याच फेरीत स्कॅनरवाला लाइव्ह डेटा दाखवू शकत असेल तर तीन आकडे एकत्र नोंदवायला सांगा: मागितलेलं रेल प्रेशर, मिळालेलं रेल प्रेशर, आणि मीटरिंग व्हॉल्व्हला (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला) दिलेला हुकूम. नुसता कोड वाचून पुसून देणारा स्कॅनरवाला इथे उपयोगाचा नाही. मागणी १४०० आणि मिळतंय ९००, शिवाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा हुकूम सुटलेला, असं दिसलं तर ईसीएम जीव तोडून मागतेय आणि डिझेलच नाही, किंवा ते गळतंय. प्रेशर एका झटक्यात कोसळून लगेच जागेवर येत असेल तर हवेचा गोळा किंवा सैल कपलर. सावकाश खचत जात असेल तर तुंबलेलं. माझ्या अनुभवात हा आकार बराच काही सांगतो, पण त्यावर एकट्यावर पंप उतरवू नये.

मागची बाजू स्वच्छ निघाली तर इंजेक्टर. त्यांची लीक-बॅक तपासणी, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो ते मोजणं, जागेवरच होते. चारही रिटर्न पाइप काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायचे, रेलकडून येणारी रिटर्नची वाट बंद करायची, आणि गरम इंजिन ठरावीक वेळ चालवायचं. चारही बाटल्या सारख्या भरल्या तर ठीक. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर दाब खातोय. मग तो एकच बेंचवर तपासायला द्या. चारही सरसकट टाकायची गरज कशावरून, हे दुसऱ्या मिस्त्रीला विचारा. पिझो इंजेक्टर (कॉइलऐवजी पिझो स्फटिकावर उघडणारे) असतील तर त्यांच्या रिटर्नमध्ये ठरावीक दाब लागतो, त्यांची पद्धत वेगळी, ही बाटलीची तपासणी त्यांना लावू नका. इंजेक्टर बदललाच तर खालचा तांब्याचा वायसर नवा, आणि इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरून घ्या. तो न भरता गाडी दिली की ठोकण आणि धूर सुरू होतो, आणि नाव इंजेक्टरचं खराब होतं.

रेलच्या टोकाला प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा रिटर्न पाइप सुटा करून बघा. गाडी सेल्फवर असताना किंवा आयडलिंगला तिथून सतत डिझेल येत असेल तर तो बसत नाहीये. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह विजेवर चालणारा असतो, तिथे मिस्त्रीने मॅन्युअल बघूनच निर्णय घ्यावा. सेन्सरचं सोपं आहे. रात्रभर उभ्या गाडीची किल्ली चालू करा, इंजिन चालू करू नका. स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याच्या जवळ आणि सेन्सरच्या सिग्नल वायरवर साधारण अर्धा व्होल्ट दिसला पाहिजे. थंड गाडीत तिथे ५०-६० बार दिसत असतील तर सेन्सर किंवा वायरिंग आधी.

पंपाकडे मी सगळ्यात शेवटी जातो, एक अपवाद सोडून. पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह काढा आणि त्याची बारीक जाळी उजेडात धरा. चंदेरी चकाकी दिसली, बोटावर घासल्यावर जरीच्या भुकटीसारखं चमकलं, तर बाकी सगळं थांबवा आणि गाडी चालवू नका. पंप आतून झिजून धातू पुढे पाठवतोय. जुना फिल्टर कापून बघायचा असेल तर हॅकसॉने कापू नका, त्याचाच चुरा आत पडतो आणि निष्कर्ष चुकतो. पाइप कटरने डबा उघडा आणि कागदाच्या घड्या उलगडून बघा. चकाकी निघाली असताना नुसता पंप बदलून देणारा मिस्त्री तुम्हाला थोड्याच दिवसांत परत आणणार. टाकी, लाइन, रेल, इंजेक्टर, सगळं धुऊन-तपासून घ्यावं लागतं, आणि हाय प्रेशर पाइप बऱ्याच कंपन्या पुन्हा वापरू देत नाहीत. खर्च तेव्हा मोठा असतो, पण तो एकदाच करावा लागतो.

डिझेल कुठून भरता हेही मला जाणून घ्यायचंय. बोटीच्या कॅनमधलं किंवा ड्रममधलं डिझेल टाकीत गेलं असेल तर त्याच्याबरोबर खारं पाणीही गेलेलं असू शकतं. फिल्टरखालचा स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी तळाला वेगळं बसतं, लगेच दिसतं. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारं "बायोडिझेल" आणि रॉकेलची भेसळ यांच्यापासून लांब राहा. कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, वेगळं इंजिन ऑइल त्याच्या प्लंजरपर्यंत जात नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक दर दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं. गंधक काढताना डिझेलचं नैसर्गिक वंगण कमी होतं म्हणून ते वेगळं मिसळून भरून काढतात. त्यात रॉकेल ओतलं की ते वंगण तुम्ही स्वतःच पातळ केलंत. पेट्रोल पंपावर घनता तपासून मागायचा तुम्हाला हक्क आहे, नोंदवलेल्या घनतेपेक्षा ३ अंकांच्या (घनमीटरला ३ किलोच्या) पलीकडे फरक असेल तर तिथे भरू नका.

म्हणजे क्रम असा ठेवा: उद्या प्रायमर आणि ग्लासातलं डिझेल, मग झाकण, जाळी आणि क्लिपांखालचा पाइप, मग पारदर्शक पाइप व गेज, मग डब्यावरची फेरी. इथपर्यंत उत्तर न मिळालं तर सेन्सर, लीक-बॅक, आणि शेवटी पंप बेंचवर. टर्बोचा (इंजिनात हवा कोंबणाऱ्या भागाचा) पाइप फाटला किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला तरी घाटात ओढ जाते, पण तेव्हा बहुतेक काळा धूर आणि वेगळा कोड येतो. तुम्ही धुराचं काही लिहिलं नाही, म्हणून मी तिकडे गेलो नाही. धूर असेल तर तेवढं कळवा.

काम होईपर्यंत धंदा थांबवता येत नाही हे मला समजतं, बर्फ कोणासाठी थांबत नाही. तोवर टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, खोके थोडे कमी घ्या, आणि साखरपा सोडल्यावर गाडी गुदमरायची वाट न बघता आधीच खालच्या गिअरमध्ये घ्या, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या आसपास ठेवा. मागणी कमी ठेवली तर ती ओढ टिकवते. आणि ओढ तुटलीच तर वळणावर उभी करू नका, इंडिकेटर लावून रुंद जागेपर्यंत रांगत न्या, कारण त्या घाटात रात्री मागून ट्रक येत असतात आणि धुक्यात बंद गाडी दिसत नाही. गाडीचं मॉडेल, वर्ष, आणि प्रायमर किती दाबांत घट्ट झाला, एवढं लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.